फवारणीचं काम आणि वाढलेली शुगर

प्रश्न : माझे मिस्टर पेस्ट कंट्रोलचं काम करतात. वय ४१. आधी बिल्डिंगांच्या पायात वाळवीचं औषध मारायचे, आता बरीच वर्षं हॉटेलं, मॉल आणि सोसायट्या. मागच्या महिन्यात तपासणी शिबिरात शुगर जास्त निघाली. मग लॅबमध्ये उपाशीपोटी १४८ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.४ आलं. ते अंगाने बारीक आहेत. वजन ५८ किलो, उंची साडेपाच फूट. गोड आवडत नाही, दारू नाही, सासर-माहेर दोन्हीकडे कुणाला शुगर नाही. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिलं. पण नणंदेच्या ओळखीतले एक जण म्हणतात, ही केमिकलची शुगर आहे, हिला गोळ्या लागत नाहीत, अंगातलं विष निघालं की आपोआप उतरते. त्यांनी एक पावडर दिली आहे आणि मिस्टरांनी चार दिवसांपासून गोळ्या बंद केल्यात. खरंच फवारणीमुळे झालं असेल का? काम सोडावं का? भाज्यांवरही असलीच औषधं मारतात, मग आम्ही खायचं काय? मुलांचीही तपासणी करावी का?
– एक वाचक, घणसोली

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी मेटफॉर्मिन सुरू करायला सांगा. आज रात्रीच्या जेवणासोबतच. चार दिवसांच्या खंडाने फार काही बिघडलेलं नाही. जो डोस लिहून दिला होता तोच पुढे चालू ठेवायचा, आणि गोळ्या मध्येच का थांबवल्या होत्या ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. पावडरीचा डबाही सोबत न्या. असल्या पावडरींत काय असतं ते डब्यावर लिहिलेलं असतंच असं नाही.

आता तुमची शंका. ती खुळी नाही, आणि कुणी ती हसण्यावारी नेली असेल तर ते बरोबर नाही. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांत फवारणीचा परवाना असलेल्या लोकांच्या तब्येतीचा पाठपुरावा १९९३ पासून चालू आहे. त्यातल्या तेहतीस हजारांहून अधिक जणांची माहिती तपासून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फवारणीची सात औषधं अशी निघाली, की ती वापरणाऱ्यांत मधुमेह जास्त, आणि जितके जास्त दिवस वापर तितकं प्रमाण आणखी जास्त. त्या सातांत डायक्लोरव्हॉस आहे. हे नाव तुम्हाला ओळखीचं वाटणार नाही, पण मिस्टरांसमोर ‘नुवान’ म्हणा, लगेच ओळखतील. झुरळांना, ढेकणांना वर्षानुवर्षं तेच मारलं जायचं. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. गोदामात एखादी जुनी बाटली अजून असेल आणि ‘जोरदार काम करतं’ म्हणून कुणी ती हातात देत असेल, तर त्यांनी सरळ नाही म्हणावं.

आपल्या देशातला अभ्यास त्याहून जवळचा आहे. मदुराई कामराज विद्यापीठातल्या संशोधकांनी तमिळनाडूतल्या गावकऱ्यांची पाहणी केली आणि २०१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांशी (नुवानही याच गटातलं) ज्यांचा थेट संबंध येत होता त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण १८.३ टक्के होतं, इतरांत ६.२ टक्के. लठ्ठपणा, कोलेस्टेरॉल, बसून काम ही नेहमीची कारणं त्या कष्टकरी गावकऱ्यांत मुळात कमीच होती, म्हणून हा फरक डोळ्यांत भरतो. त्याच संशोधकांनी उंदरांना सहा महिने पाण्यातून याच गटातलं मोनोक्रोटोफॉस दिलं. उंदरांच्या आतड्यातल्या जिवाणूंनी त्या औषधाचे तुकडे केले, त्यातून ॲसिटेट तयार झालं, आणि त्याचा वापर करून यकृताने जास्तीची साखर बनवली. उंदरांची शुगर वाढली ती अशी.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग झालंच की सिद्ध. इथे मात्र मी थांबते.

हजारो लोकांच्या आकडेवारीत दिसणारी गोष्ट एका माणसाच्या रक्तात बोट ठेवून दाखवता येत नाही. ‘ही शुगर फवारणीच्या औषधाची’ आणि ‘ही शुगर साधी’ असं सांगणारी तपासणी कुठल्याही लॅबमध्ये नाही. तसं कुणी सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका. विषाने मधुमेह झाल्याचं अगदी पक्कं उदाहरण म्हणजे व्हॅकॉर नावाचं उंदीर मारायचं औषध. ते अमेरिकेत १९७५ साली बाजारात आलं आणि १९७९ साली मागे घ्यावं लागलं. ज्यांनी ते गिळलं आणि जे वाचले, त्यांच्यातल्या अनेकांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मेल्या. पण ते गिळलेलं विष होतं आणि मधुमेह काही दिवसांत उभा राहिला. तुमच्या मिस्टरांचं तसं काही नाही.

दुसरी गोष्ट, बारीक अंगाची. तुमच्या पत्रातला सगळा भर त्यावर आहे, की बारीक माणसाला शुगर झाली म्हणजे कारण बाहेरचंच असणार. आपल्या लोकांच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे एका फोटोने जगाला दाखवलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन यूडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण यूडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपण वरून काटक दिसतो आणि चरबी आत, पोटात, यकृताभोवती बसलेली असते. मिस्टरांचा बीएमआय साधारण २०.६ येतो. त्यावर समाधान मानू नका, बेंबीपाशी टेप लावा. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत हवा. आणि घरात कुणाला शुगर नाही म्हणताना, गावाकडच्या आजी-आजोबांची कधी कुणी तपासली होती का, हेही आठवून पाहा.

मात्र वजन गेल्या काही महिन्यांत उतरलं असेल, रात्री सारखं लघवीला उठावं लागत असेल, घसा कोरडा पडत असेल, तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. चाळिशीतल्या बारीक माणसात कधीकधी इन्सुलिनच कमी पडत चाललेलं असतं. त्यासाठी सी-पेप्टाइड आणि अँटिबॉडीच्या वेगळ्या तपासण्या असतात. गरज आहे का ते डॉक्टर ठरवतील, पण हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

आणि ताई, तुम्ही एका ओळीत ‘हॉटेलं, मॉल’ लिहून पुढे गेलात. माझं लक्ष तिथेच अडकलं. हॉटेलात पेस्ट कंट्रोल कधी होतं? गिऱ्हाईक गेल्यावर. म्हणजे वाशी, सीवूड्स, ठाण्याच्या घोडबंदर रोडवरची हॉटेलं रात्री बारानंतर रिकामी झाली की यांचं काम सुरू. पहाटे संपतं, मग टपरीवरचा चहा, वडापाव, घरी येऊन अर्धवट झोप, दुपारी सोसायटीचं काम. रात्रपाळी आणि मधुमेह यांचाही संबंध अभ्यासांतून दिसलेला आहे. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या पाहणीत जितकी वर्षं रात्रपाळी जास्त, तितका धोका जास्त असं आढळलं. शरीराला रात्री अन्न नको असतं, तेव्हा इन्सुलिनही नीट काम करत नाही. म्हणजे या कामाने शुगर वाढवली असेल तर ती फक्त डब्यातल्या औषधाने वाढवली असेल असं नाही. माझा कल विचाराल तर मी रात्रपाळीकडे आधी बघीन, कारण तिच्याबद्दल पुढच्या आठवड्यापासून काही करता येतं.

केमिकलची शुगर असेल तर गोळ्या नकोत, या सल्ल्यात एक गंमत आहे. मेटफॉर्मिन मुख्यतः काय करतं? यकृत जास्तीची साखर बनवत असतं, ती बनवणं कमी करतं. म्हणजे मदुराईच्या उंदरांत जे घडलं तेच माणसात घडतं असं क्षणभर धरलं, तरी गोळी नेमकी त्याच जागी काम करते. कारण कुठलंही निघो, रक्तात वाढलेली साखर डोळ्यांचं, किडनीचं, पायांच्या नसांचं नुकसान सारखंच करते. फवारणीमुळे झाली असं समजलं तरी उपचार बदलत नाहीत, कामाची पद्धत बदलायला हवी. आणि विष बाहेर काढायचं म्हणाल, तर आज वापरात असलेली बहुतेक कीटकनाशकं यकृत आणि मूत्रपिंडं काही दिवसांत स्वतःच बाहेर टाकतात. ती रोज नव्याने आत जातात, अडचण ती आहे.

काम सोडावं का? मी सोडा म्हणणार नाही. घर त्यावर चालतं आणि दुसरं काम मिळेपर्यंतच्या ताणाने शुगर खाली येत नसते. पण काम बदलून मागता येतं. जेलचं काम, म्हणजे सिरिंजने कपाटाच्या कोपऱ्यांत ठिपके लावायचं, हे फवारणीपेक्षा अंगावर खूपच कमी येतं. (त्याला जाहिरातीत ‘हर्बल’ म्हणतात. बहुतेक जेलमध्ये फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं, त्यात हर्बल काही नाही. तरी फवाऱ्यापेक्षा बरं.) पाहणीचं, बिलांचं, दिवसाच्या सोसायट्यांचं काम मिळालं तर आणखी चांगलं. वाळवीच्या कामात क्लोरपायरिफॉस वापरतात, ते ऑर्गनोफॉस्फेटच आहे. ते काम पुन्हा गळ्यात पडू नये एवढं बघा.

फवारणी करणाऱ्याच्या अंगात औषध जातं ते मुख्यतः कातडीतून. नाकातोंडाला रुमाल बांधून निम्मी लढाई जिंकली असं बऱ्याच जणांना वाटतं, पण कापडी रुमाल किंवा साधा मास्क वाफ अडवत नाही. त्याला गाळणीची डबी (कार्ट्रिज) लावलेला मास्क लागतो. हातमोजे रबराचे, नायट्राइलचे हवेत. सुती मोजे ओले झाले की औषध कातडीला चिकटवून ठेवतात, ते न घातलेलं बरं. सगळ्यात धोक्याची वेळ फवारणीची नव्हे, घट्ट औषध मोजून पाण्यात मिसळायची असते. तेव्हाच बरेच जण मोजे काढतात, कारण झाकण उघडत नाही. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सूट घालून काम करणं म्हणजे काय, हे मला कळतं. पण घामाने भिजलेल्या, गरम कातडीतून औषध आत जाण्याचं प्रमाणही वाढतं.

तुमच्या वाट्याचं काम कपड्यांचं. कामाचे कपडे घरी आणूच नयेत, तिथेच बदलून पिशवीत बांधावेत. घरीच धुवायचे असतील तर मुलांच्या गणवेशाबरोबर कधीच नाही. आधी झटकायचे नाहीत. मोजे घालून वेगळ्या बादलीत, साबणाच्या पाण्यात, आणि नंतर बादली नीट धुवायची. बूट दाराबाहेर. घरी आल्यावर मुलांना जवळ घेण्याआधी आंघोळ. उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत भरून घरी ‘थोडं लागेल म्हणून’ आणायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यात शुगरचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

डब्यांवरच्या रंगीत त्रिकोणाबद्दलही सांगते, कारण मिस्टर त्याचा दाखला देतील. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हा रंग एका वेळी पोटात किंवा अंगावर गेलं तर किती घातक, एवढंच सांगतो. वर्षानुवर्षं थोडंथोडं अंगावर घेतल्याने काय होतं याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून ‘हिरवा त्रिकोण आहे, काही होत नाही’ यावर मोजे काढू नयेत. जी जी औषधं वापरतात त्यांच्या लेबलांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘पेस्ट कंट्रोलला आहे’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही.

आता एक गोष्ट दोघांनी मिळून वाचा. काम करताना अचानक दरदरून घाम, चक्कर, हात थरथरणं असं झालं तर ते दोन कारणांनी असू शकतं आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. एक, शुगर उतरणं. नुसत्या मेटफॉर्मिनने हे सहसा होत नाही, पण पुढे शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी जोडली गेली आणि रात्री जेवायला उशीर झाला तर नक्की होऊ शकतं. दुसरं, फवारणीच्या औषधाची विषबाधा. तीत घामाबरोबर तोंडाला पाणी सुटतं, डोळ्यांतून पाणी येतं, अंधूक दिसतं, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, पोटात मुरडा येतो, छाती भरून येते. ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेत रक्तातली साखर बऱ्याचदा उलट चढलेली असते. म्हणून बॅगेत ग्लुकोमीटर असू द्या. हात साबणाने धुऊन तपासायचं. ७० च्या खाली असेल तर साखर किंवा ग्लुकोज खायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. आकडा खाली नसेल आणि ही दुसरी लक्षणं असतील तर कपडे काढून अंग धुवायचं, १०८ ला फोन करायचा आणि डबा सोबत घेऊन हॉस्पिटल गाठायचं. ‘थोडं पडून राहतो, बरं वाटेल’ हे नको. कामावर सोबत असणाऱ्या मुलालाही हे माहीत असायला हवं, कारण त्या वेळी मिस्टर स्वतः मीटर हातात धरू शकतीलच असं नाही.

मालकाकडे काय मागायचं तेही लिहिते. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे फवारणी करणाऱ्यांची कामावर घेण्याआधी आणि त्यानंतर दर वर्षी डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर रक्तातल्या कोलिनएस्टरेजची (ऑर्गनोफॉस्फेटमुळे कमी होणाऱ्या एन्झाइमची) चाचणी. अंग झाकणारे कपडे, हातमोजे, मास्क देणं हीही मालकाची जबाबदारी आहे. हे मागताना भांडण काढायची गरज नाही, नियम आहे एवढं म्हटलं तरी पुरतं. नुकसानभरपाईची आशा मात्र दाखवणार नाही. कामगारांच्या व्यावसायिक आजारांच्या कायदेशीर यादीत फॉस्फरसच्या विषारी संयुगांमुळे होणारे आजार आहेत, मधुमेह नाही. पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जात असेल तर गोळ्या आणि तपासण्या तिथून मिळतात, वाशीत त्यांचं रुग्णालय आहे. तो हक्क सोडू नका.

भाज्यांचं थोडक्यात. पालक, मेथी सोडून द्या, असा अर्थ या सगळ्याचा काढू नका. फवारणाऱ्याच्या अंगावर येणारं औषध आणि तुमच्या ताटातल्या भाजीवरचा अंश यांची तुलनाच होत नाही, आणि शुगर असलेल्या माणसाने भाजी कमी केली की ताटात भात-चपाती वाढते. एपीएमसीतून आलेली भाजी असो की कोपऱ्यावरच्या मावशीकडची, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पालेभाजी निवडून, पानं सुटी करून, दोनतीन पाण्यांतून काढा. फळांना हवं तर अर्धा लिटर पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. सफरचंदाच्या सालीवरची काही औषधं त्याने निघतात असं एका प्रयोगात दिसलं आहे, आत मुरलेली मात्र निघत नाहीत. दुधीची, काकडीची साल काढा. भाज्या धुवायची महागडी लिक्विडं घेऊ नका.

मुलांची तपासणी आत्ता नको. त्यांना सारखी तहान लागत असेल, वजन उतरत असेल किंवा मोठा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला असेल तरच, आणि तेव्हा त्याच दिवशी. मिस्टरांचं एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याआधी केलेलं काही सांगत नाही. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन या दोन तपासण्या अजून झाल्या नसतील तर याच महिन्यात. आणि तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण तिशी ओलांडली असेल तर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तीस वर्षांपुढच्यांची शुगर आणि ब्लडप्रेशर मोफत बघतात. मिस्टरांसोबत जाल त्या दिवशी सकाळी काही न खाता जा आणि तुमचीही काढून घ्या.